चहातली पुडी

डॉक्टरांनी बायकोला काट्यावर उभं केलं तेव्हा काटा मणाच्याही अलीकडेच थांबला. मी बाजूला उभा होतो. मला वाटलं काटाच बिघडला असेल, म्हणून तिला उतरवून मी स्वतः चढलो. काटा बरोबर होता. डॉक्टर म्हणाले, "तुमचं वजन नको आहे आम्हाला." रांगेतले लोक हसले. मला राग आला, पण मी उतरलो.

हा नागपूरचा एक मोठा दवाखाना होता. आम्ही तळेगावचे, श्यामजी पंतच्या तळेगावचे. आमच्या गावच्या बऱ्याच घरांनी बुद्धाचा धर्म घेतला, त्याच्यानंतरचा तिसरा हिवाळा असेल. तेव्हा माझं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती.

माझा धंदा संत्र्याचे डोळे बांधायचा. जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीला काप द्यायचा, चांगल्या झाडावरचा डोळा काढून त्या कापात बसवायचा आणि केळीच्या सोपटानं आवळून बांधायचं. मी बांधलेला डोळा सहसा मरत नसे. आष्टीपासून कारंज्यापर्यंतचे बागायतदार मला निरोप पाठवून बोलवत. शाळा म्हणाल तर दुसरी पास. तिसरीत मास्तरांनी विनाकारण छडी मारली, तेव्हा पाटी उचलून घरी आलो तो परत गेलो नाही. बापानं मारलं, मास्तर दोनदा घरी आले, तरी गेलो नाही. असा माझा स्वभाव. तो या गोष्टीत आडवा आला म्हणून सांगितला.

बायकोला लहानपणी मोठा ताप आला होता आणि सांधे सुजले होते. एक गुडघा बसला की दुसरा फुगायचा. ते गेलं असं सगळ्यांना वाटलं. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी तिला दम लागायला लागला. आधी विहिरीवरून पाणी आणताना, मग नुसतं पीठ मळताना. शेवटी ती उशाला गाठोडं ठेवून बसल्या बसल्या झोपायला लागली. आर्वीच्या डॉक्टरांनी नळी लावून पाहिलं, दुखण्यासाठी पांढऱ्या गोळ्यांची बाटली दिली आणि एक चिठ्ठी लिहून नागपूरला पाठवलं.

नागपूरचे डॉक्टर वयानं माझ्यापेक्षा थोडेच मोठे होते, पण बोलणं शांत. त्यांनी मला समोर खुर्चीवर बसवलं आणि कागदावर चार खोल्यांचं घर काढावं तसं हृदय काढलं.

"या दोन खोल्यांच्या मधलं दार," ते म्हणाले, "लहानपणीच्या तापानं त्याची पानं चिकटली आहेत. रक्त पुढं जात नाही, मागं फुप्फुसात तुंबतं. छाती उघडून, हृदयाच्या कोपऱ्याला छेद देऊन, बोट आत घालायचं आणि ते दार मोकळं करायचं."

"अन् हृदय बंद करून?"

"नाही. ते चालूच राहतं."

मी माझं बोट पाहिलं. "बोट कोणाचं?"

"मुंबईचे एक मोठे सर्जन हिवाळ्यात आठ दिवसांसाठी येतात. त्यांचं. बोटाची मला एवढी काळजी नाही. मला काळजी आहे नंतर जाणाऱ्या रक्ताची."

आणि मग त्यांनी मला समजावून सांगितलं, ते मी आजही जसंच्या तसं सांगू शकतो, कारण मला कोणी समजावलेलं फारसं आवडत नाही, आणि हे मी नीट ऐकलं होतं. ते म्हणाले, अंग लहान असलं की अंगात रक्तही कमी असतं. तुमच्या अंगातून एक तांब्या गेला तर तुम्ही उठून बसाल, हिच्यातून तेवढाच गेला तर ही उठणार नाही. दुसरं, हिचं रक्त आधीच फिकं आहे. त्यांनी तिची खालची पापणी ओढून दाखवली, आत पांढरी होती. तिसरं, रक्त मागं तुंबून तुंबून हिचं यकृत सुजलं आहे, आणि रक्त गोठायचा मसाला यकृतातच तयार होतो.

"आणि चौथी," त्यांनी माझ्याकडून आर्वीची बाटली घेतली, "ही गोळी. सांध्यांना आराम देते, पण रक्त गोठू देत नाही. रोज घेतली तर जास्तच. पहिल्या तीन गोष्टी पूर्ण माझ्या हातात नाहीत. ही तुमच्या हातात आहे. ऑपरेशनच्या आधी तीन आठवडे ही बंद."

"आजपासून बंद," मी म्हटलं.

त्यांनी आमच्या दोघांच्या बोटातून रक्त घेतलं. माझं तिच्या जातीचं निघालं, म्हणजे तिला चालणारं. आणखी तीन माणसं अशीच शोधून आणा, असं त्यांनी सांगितलं. शक्तीचं औषध दिलं, पालेभाजी आणि कलेजी खायला सांगितली आणि महिन्यानं बोलावलं.

तळेगावला मोटर थांबली तिथेच विहीर होती. मी चार लोकांसमोर गोळ्यांची बाटली उघडली आणि सगळ्या गोळ्या तिच्यात ओतणार होतो, तर एक म्हातारा ओरडला, "अबे, पेयाचं पानी हाय थे!" मग मी त्या पलीकडच्या नालीत टाकल्या आणि पायानं चिखलात दाबल्या. गावात ती गोष्ट झाली. लोक म्हणायचे, डॉक्टरनं सांगितलं अन् यानं तिथंच केलं. मला ते ऐकायला बरं वाटायचं.

रक्त देणाऱ्या माणसांचा प्रश्न घरात निघाला. माझी सासू तेव्हा लेकीच्या सेवेला आमच्याकडे येऊन राहिली होती. तिला मी मामी म्हणायचो. बायकोचा भाऊ तयार झाला, माझा एक चुलतभाऊ तयार झाला, आणि बागेत माझ्यासोबत खड्डे खणणारा एक जोडीदार. तो नुकताच बौद्ध झालेल्या घरातला. गावातल्या एक-दोघांनी त्याच्या रक्तावरून नाक मुरडलं. मामीला त्याचं काही नव्हतं. तिची अडचण मी होतो.

"जवाईबुवा, तुमी नाई द्याचं," ती म्हणाली.

"काऊन?"

"नवऱ्याचं रक्त बायकोच्या अंगात गेलं तं काय होते? एका रक्ताचे झाले ना तुमी. बहीणभाऊ झाले. मंग ते नांदणं कसं म्हणाव?"

"मामी, डॉक्टरनं सोताच माह्यं तपासलं."

"डॉक्टरले लेकी नांदवाच्या नाईत. मले हाय."

बायको भिंतीला टेकून बसली होती. तिला बोलायलाही दम लागायचा, तरी म्हणाली, "तिघं होतात ना. मंग भांडता कायले?" तिघं नागपूरला जाऊन तपासून आले. तिघांचंही जुळलं. मी विषय सोडला. खरं सांगायचं तर मामीचं बोलणं मला पटलं नव्हतं, पण मनात थोडं बसलं होतं.

गोळ्या बंद झाल्या त्याला आठ दिवस झाले आणि थंडी पडली. पौषातली आमच्याकडची थंडी हाडात शिरते. बायकोचे गुडघे आणि मनगटं पुन्हा सुजली. ती रडणारी बाई नव्हती. पण भाकरीचा गोळा तिच्या हातातून पडला आणि तो उचलता येईना, तेव्हा तिनं तोंडात पदर घातला. मी बागेतून आलो होतो. ते पाहिलं आणि उलट्या पावली बाजारात गेलो आणि दुकानातून पुडी आणली.

पुडी म्हणजे काय, ते त्या काळच्या माणसाला सांगावं लागत नाही. कागदाच्या घडीत पांढरी पूड असायची. डोकं दुखलं, अंग दुखलं की चहात टाकून प्यायची. निंदायला जाणाऱ्या बाया सकाळी चहासोबत घ्यायच्या. किराणा दुकानात विडी-काडीच्या शेजारी टांगलेली असायची. आमच्या लेखी औषध म्हणजे बाटली, गोळी, नाही तर सुई. पुडी हे औषध नव्हतं. ती सुपारीसारखी होती. कोणी विचारलं, काही औषध घेता का, तर पुडी घेणारा माणूसही नाही म्हणायचा, आणि त्यात तो खोटं बोलत नव्हता.

मी मात्र खोटं बोललो. कारण तिसऱ्या की चौथ्या दिवशी पुडी उघडताना बोटाला पूड लागली, ती मी जिभेला लावली. आंबट, कडसर, जिभेला ओढणारी. आर्वीच्या गोळीचा तुकडा मी एकदा असाच चाटून पाहिला होता. चव तीच. मी हातात पुडी घेऊन उभा राहिलो. तिकडे बायको म्हणाली, "आणता का पुडीचा चहा?" मी पूड चहात टाकली, ढवळली आणि नेऊन दिला. त्यानंतर रोज दोन पुड्या, सकाळी एक आणि दिवेलागणीला एक. बाजारातून येताना खिशात चार-पाच पुड्या असायच्या. नागपूरला जायच्या दिवसापर्यंत आणि त्या दिवशी सकाळीही.

आता कोणी विचारेल, कळलं होतं तर दिलीस काऊन? तिचं दुखणं रोज डोळ्यासमोर होतं, आणि रक्त जाण्याची गोष्ट पुढची होती, डॉक्टरांच्या कागदावरची. आणि दुसरं, गोळ्या मी गावासमोर चिखलात दाबल्या होत्या. चूक झाली असं मान्य करायचं म्हणजे त्या पुन्हा उकरून काढण्यासारखं होतं.

ठरलेल्या दिवशी आम्ही मोटरनं नागपूरला गेलो. मी, बायको, मामी आणि रक्त देणारे तिघं. तिघांनी त्याच दिवशी रक्त दिलं. काचेच्या बाटल्या भरल्या, त्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि बाटल्या थंड पेटीत गेल्या. तिघं दूध पिऊन परतीच्या मोटरनं गावी गेले. घरची कामं होती, आणि तिथं राहायला जागाही नव्हती.

बायकोला छातीचा फोटो काढायला आत नेलं होतं तेव्हा डॉक्टरांनी मला बोलावलं. समोर कागद होता.

"गेल्या तीन आठवड्यांत दुखण्यासाठी काही घेतलं?"

"एक गोळी घेतली असंल तं माह्यं नाव बदला."

"गोळी नाही. काहीही. गावठी, दुकानातलं, कोणी दिलेलं."

त्यांनी दार उघडून दिलं होतं. मी आत जाऊ शकलो असतो. पण त्याच वेळी मला आठवलं की मुंबईचे सर्जन चार दिवसांनी परत जाणार, आणि पुढची पाळी कधी ते कोणाला माहीत नव्हतं. तोवर ही जगेल की नाही. आणि मागच्या बाकावर दोन माणसं बसून ऐकत होती.

"नाई म्हटलं ना," मी म्हणालो. "आमी जे बोलतो ते करतो."

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नेलं. मामी आणि मी व्हरांड्यात बसलो. दुपारी बाराच्या सुमारास डॉक्टर हसत बाहेर आले. दार मोकळं झालं होतं. दोन बोटं जातील एवढं, ते म्हणाले. मामीनं तिथंच जमिनीवर डोकं टेकलं. मला दारातून पाहू दिलं. बायको निजलेली होती, कुशीच्या बाजूनं एक रबरी नळी निघाली होती आणि ती पलंगाखाली काचेच्या मोठ्या बाटलीत सोडली होती. बाटलीत पाणी होतं, ते लाल झालेलं. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवली होती आणि नर्स दर थोड्या वेळानं त्यावर पेनानं रेघ मारत होती. एवढं रक्त येतंच, ती म्हणाली, संध्याकाळपर्यंत कमी होईल.

कमी झालं नाही. दुपारी मी तीनदा दारात गेलो. पट्टीवरच्या रेघा जवळ जवळ यायला हव्या होत्या, त्या लांब लांब होत चालल्या होत्या. पलंगाला टांगलेली आमच्या माणसांच्या रक्ताची पहिली बाटली संपली, दुसरी लावली. बायकोचे ओठ पिठासारखे झाले होते. तिसरी लावली तेव्हा उन्हं उतरली होती. वरून चढवत होते आणि खालून जात होतं.

डॉक्टर बाहेर आले. या वेळी हसत नव्हते. त्यांनी आम्हाला बसवलं नाही, उभ्यानंच सांगितलं.

"रक्त थांबत नाही. दोनच गोष्टी असू शकतात. आतला एखादा टाका सुटला असेल, तर छाती परत उघडून बांधावा लागेल, आणि लगेच. किंवा टाका चांगला आहे आणि रक्तच गोठत नाही. तसं असेल आणि आम्ही छाती उघडली, तर जिथं जिथं कापू तिथून वाहील. मग ती हातात लागणार नाही. सर्जन म्हणतात उघडू या. तुमचा अंगठा हवा."

शाई आणि कागद नर्सच्या हातात होते.

"मले सही येते," मी म्हणालो. तसल्या वेळीही तेच तोंडातून निघालं. मी पेन घेतलं. आणि सही न करताच ते नर्सच्या हातात परत दिलं. मामी माझ्याकडे पाहत होती. मी बंडीच्या खिशात हात घातला. दोन पुड्या उरल्या होत्या. त्या मी डॉक्टरांच्या पुढं धरल्या.

"हे घेतलं तिनं," मी म्हटलं. "चहातून. म्या दिलं."

डॉक्टरांनी एक पुडी उघडली, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली.

"किती?"

"रोज दोन. आठ दिवस सोडले तं पूर्ण वेळ. काल सकाळी बी."

"काल मी विचारलं तेव्हा?"

"काल तुमी विचारलं तवा म्या खोटं सांगतलं."

मामी म्हणाली, "माय वो," आणि खाली बसली.

मी शिव्या खायला तयार होतो. त्या मिळाल्या असत्या तर उत्तरही तयार होतं. डॉक्टर पुडी मुठीत घेऊन आत पळाले. दारातून मला दिसत होतं. त्यांनी बायकोच्या हातातून थोडं रक्त काचेच्या बारीक नळीत घेतलं आणि घड्याळ पाहत नळी आडवी-उभी करत राहिले. आडवी केली की रक्त पाण्यासारखं पसरायचं. दुसऱ्या नळीत त्यांनी नर्सच्या बोटाचं घेतलं. तिचं काही वेळानं नळीतच थबकलं, उलटी केली तरी पडेना. बायकोचं अजून पाण्यासारखं वाहत होतं. सर्जन आले, त्यांनीही नळी पाहिली. इंग्रजीत काहीतरी बोलले आणि हातमोजे काढून ठेवले. माझ्यासमोरचा कागद नर्सनं परत नेला.

डॉक्टर बाहेर आले. "छाती उघडणार नाही. सुई दिली आहे, पण तिचा गुण यायला वेळ लागतो. आता तिला ताजं रक्त पाहिजे. पेटीतलं थंड नको, आत्ता काढलेलं. गोठायचा मसाला ताज्यात जास्त असतो. तुमची ती तीन माणसं कुठं आहेत?"

"गावाले गेले."

"मग तुम्ही."

मी बाही वर केली. मामीनं माझा हात धरला.

"जवाईबुवा, थांबा. म्या काय म्हटलं होतं?"

"मामी, सोडा."

"दुसरं कोनी नाई का वो डॉक्टरसायेब? पैशे देऊन बी? हा तिचा नवरा हाय, ती बहीन होऊन जाईन याची!"

डॉक्टर घाईत होते तरी थांबले. "आजी, शोधायला माणूस पाठवतो. तासभर लागेल. तिच्याकडे तास नाही."

मामी माझ्या तोंडाकडे पाहायला लागली. तिला वाटत होतं मी काहीतरी तोड काढीन.

"बहीण तं बहीण," मी म्हणालो. "जित्ती पाह्यजे."

तिनं हात सोडला.

माझं एक बाटली रक्त काढलं. बाटली गरम होती, नर्सनं ती कापडात धरून नेली. थोड्या वेळानं डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धी देता येईल का, नियमात बसत नाही. मी म्हटलं, पूर्ण घ्या. त्यांनी अर्धीच घेतली. उठताना मला चक्कर आली आणि मी भिंत धरली. धरली नाही असं पुढं कित्येक वर्षं सांगत होतो. धरली होती.

दिवे लागले तेव्हा पट्टीवरची नवीन रेघ आधीच्या रेघेपासून बोटभर अंतरावर होती. त्याच्या पुढची अर्ध्या बोटावर. मग नर्स म्हणाली, आता तुम्ही दारात उभं राहून रेघा मोजायची गरज नाही, जाऊन झोपा.

दोन दिवसांनी बायको नीट बोलायला लागली. मामी तिच्या पायाशी बसली होती, मी उशाशी. मामीनं तिला सगळं सांगितलं होतं, रक्ताचं. पुडीचं नाही. बायकोनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "दादा, पानी देता का?"

मला समजायला वेळ लागला. मामीला लगेच समजलं. "हाड मेले! असं बोलते का कोनी?"

"मंग काय म्हनू? तूच तं म्हनतं."

"तोंड बंद ठेव. टाके तुटन."

बायको हसायला गेली आणि छाती धरून कण्हली. हसणं दुखत होतं, पण दम लागत नव्हता. ते मी तेव्हाच पाहिलं. शेजारच्या पलंगावरची बाई महिनाभर दवाखान्यात होती, तिनं मामीची समजूत घातली की दवाखान्यातलं रक्त सुईतून जातं, नात्यातून जात नाही. मामीला ते पटलं की नाही माहीत नाही. घरी आल्यावर तिनं केळझरच्या गणपतीला जाऊन आम्हा दोघांना पुन्हा हळद लावायचा विषय काढला. मी म्हटलं, लगन एकदा झालं, दुसऱ्यांदा होनार नाई. मामी चार दिवस बोलली नाही, मग तिची ती सावरली.

निघायच्या दिवशी मी डॉक्टरांच्या खोलीत गेलो. मी माफी मागणारा माणूस नाही, पण म्हटलं, "माह्या हातून चूक झाली."

ते म्हणाले, "तुमच्या एकट्याच्या नाही. मी गोळी म्हटलं, मग दुकानातलं म्हटलं. पुडी म्हटलं नाही. आता इथल्या प्रत्येकाला पुडी म्हणून विचारतो. काल दोघं निघाले." एवढंच बोलले आणि पुढचा माणूस बोलावला. मला त्यांनी रागवायला हवं होतं असं अजूनही वाटतं.

घरी आल्यावर महिनाभर मी बायकोला पुडीचं खरं सांगितलं नाही. ती ओसरीत बसून गहू निवडायची, पहिल्यासारखी मध्येच थांबायची नाही. मी कामाला जायचो, पण त्या वर्षी माझे बरेच डोळे मेले. हात काप द्यायचा आणि मन पट्टीवरच्या रेघांवर. शेवटी एका दुपारी मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. चव पाहिली होती ते, कळूनही दिली ते, डॉक्टरांनी सरळ विचारलं आणि मी नाही म्हटलं ते.

ती सुपातले खडे बाजूला करत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"कोन सांगतलं? मामीनं?"

"कोनी नाई. आपरेशनच्या आदल्या दिवशी, तुमी बाहेर गेलते तवा, डॉक्टर माह्यापाशी आले. मले बी इचारलं त्यायनं. म्हने, बाई, दुकानातलं काई घेतलं असंल तं सांग, लपवशीन तं जिवावर येईन."

"मंग तू काय म्हटलं?"

"म्या इचारलं, त्यायनं काय सांगतलं? तं म्हने, नाई म्हटलं. मंग म्या बी नाई म्हटलं."

मी म्हणालो, "अवं, जीव तुहा होता."

"हाव ना," ती म्हणाली. "पन तुमी नाई म्हटल्यावर मी हो कशी म्हनू? चार लोकांत तुमी खोटे पडले असते."

मी उठून अंगणात गेलो. तिथं काही काम नव्हतं. परत आलो आणि उभ्यानंच म्हटलं, "याच्यापुढं मी चुकलो तं तोंडावर सांगजो. लोकांत बी."

तिनं सूप झटकलं. "सांगीन," ती म्हणाली. "पन तुमी ऐकसान का?"

मी ऐकीन म्हणालो. ती त्यानंतर सतरा वर्षं जगली. तिनं सांगितलं, पुष्कळदा, लोकांतही. मी प्रत्येक वेळी ऐकलं असं मात्र म्हणता येणार नाही.